‘आजी, तूं म्यूट’: घरात भरणाऱ्या एका ऑनलाइन बालवाडीचं प्रकरण

जून २०२४ चा दुसरा आठवडा. सकाळी सात-सव्वासातला फोन वाजला. बाई बसमधून बोलत होती. मागे कंडक्टरचं ‘म्हापशें, म्हापशें’ चाललेलं. म्हणाली, “मुलगी वीसपर्यंत आकडे म्हणते, एबीसीडी सगळी म्हणते. पण बोलत नाही हो ती.”

हे वाक्य मी तसंच वहीत उतरवून घेतलं. मी वीस-बावीस वर्षं बालवाडी शिकवली, आता शिकवत नाही. कुणी बोलावलं की जाते, बसते, बघते. या प्रकरणात जून ते फेब्रुवारी मिळून नऊ वेळा गेले. घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं. गावाचं नाव देत नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, आणि मुलीला घरात म्हणतात तसं ‘बाय’च म्हणणार आहे.

आईला फोनवर पहिली गोष्ट सांगितली ती शिकवण्याबद्दलची नव्हती. कान तपासून घ्या, म्हटलं. मूल बोलत नाही म्हटलं की लोक आधी शाळा बदलतात, मग नवस बोलतात आणि कान शेवटी तपासतात. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, कान ठीक निघाले. बोलणं वयाच्या मानानं कमी आहे, तीन महिने बघू, फोन कमी करा आणि माणसांत ठेवा, असं त्यांनी सांगितलं. ‘फोन कमी करा’ हे ऐकून बाप चक्रावला. बायची शाळाच फोनमध्ये होती.

घर

बाय त्या वेळी तीन वर्षं चार महिन्यांची. बाबांचा पूर्वी टिप्पर होता, खाणीवर चालायचा. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं खाणी थांबल्या आणि या पट्ट्यातल्या अनेक दारांतले टिप्पर गंजत उभे राहिले. यांनी मिळेल त्या भावात विकला. आता ते कळंगुटच्या एका हॉटेलची गाडी चालवतात. रात्री-बेरात्री पाहुण्यांना दाबोळीच्या किंवा मोपाच्या विमानतळावर सोडायचं आणि सकाळी येऊन झोपायचं. आई करासवाड्याला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला. सकाळी सातची बस, परत यायला संध्याकाळचे साडेपाच. उरली आजी. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे धरलेले.

अंगणवाडी गावात आहे, पण पलीकडच्या वाड्यावर. मध्ये एक चढण, एक ओहोळ आणि पावसात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या. आजीनं मला त्या पायऱ्या दाखवल्या आणि काही न बोलता आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला. डिचोलीच्या खाजगी शाळेची व्हॅन इतक्या आत येत नाही. मग बाबांना फोनवरच जाहिरात दिसली: घरबसल्या बालवाडी, आठवड्यातून पाच दिवस थेट वर्ग, सोबत अ‍ॅप, वर्षाचे अठरा हजार, हप्त्यानं. कंपनीचं नाव इथं महत्त्वाचं नाही. तशा बऱ्याच आहेत आणि ही त्यांतली वाईट होती असंही मला म्हणायचं नाही.

बापाचा हिशेब मला चुकीचा वाटला नाही, आजही वाटत नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरणानं २०२० मध्ये तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आणि गोव्यात तो २०२३-२४ पासून पूर्वप्राथमिक वर्गांपासूनच लागू झाला. तेव्हापासून वाड्यावाड्यांवर ‘तिसऱ्या वर्षी शाळा सुरू झालीच पाहिजे’ ही धास्ती आहे. त्यात इंग्रजी. गोव्यात माध्यमाचा विषय काढला की समोरचा चहा गार होतो, म्हणून मी तो सहसा काढत नाही. १९९० पासून सरकारी अनुदान मराठी-कोकणी प्राथमिक शाळांना होतं, २०११ मध्ये ते इंग्रजीलाही मिळालं, भाषाप्रेमी रस्त्यावर उतरले, हे सगळं सगळ्यांना ठाऊक आहे. आणि रस्त्यावर उतरलेल्यांतल्या कित्येकांची नातवंडं कुठं शिकतात, तेही ठाऊक आहे. या बापानं निदान लपवालपवी केली नाही. “हॉटेलात इंग्लीश बोलणारा रिसेप्शनला, न बोलणारा गाडीवर,” एवढंच म्हणाला.

साडेदहाचा वर्ग

पहिल्या भेटीत मी सोप्यावर, बायच्या मागे बसले. फोन पाटावर, पाण्याच्या तांब्याला टेकवलेला. साडेदहाला वर्ग लागला. पडद्यावर चौदा मुलं चौदा खिडक्यांत. शिक्षिका तरुण, हसतमुख, कुठल्याशा मोठ्या शहरातली, इंग्रजी आणि मधून मधून हिंदी बोलणारी. विषय होता ‘रेड’.

शिक्षिकेनं लाल सफरचंद दाखवलं. बाय उठली, आत धावली आणि आजीच्या देवपूजेच्या तबकातलं जास्वंदाचं फूल घेऊन आली. कॅमेऱ्याच्या इतकं जवळ धरलं की समोर नुसतं लाल झालं असावं. “हें तांबडें,” ती म्हणाली. या घरात मी ऐकलेलं तिचं पहिलं वाक्य.

उत्तर आलं नाही. सगळ्या मुलांचे माइक शिक्षिकेनं बंद केलेले होते. चौदा मुलांचा कल्ला आवरायचा म्हटलं तर तिलाही दुसरा इलाज नव्हता. शिक्षिका ‘वेरी गुड, एवरीवन’ म्हणाली आणि लाल टोमॅटोकडे वळली. बायनं फूल खाली केलं, थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं आणि पाटावर त्याच्या पाकळ्या तोडत बसली. वर्ग संपेपर्यंत पुढची पस्तीस मिनिटं ती एक अक्षर बोलली नाही. मात्र ‘रिपीट आफ्टर मी’ आलं की ओठ हलत, अगदी वेळच्या वेळी.

वर्ग सुटल्यावर तिनं बाहुलीला पाटावर बसवलं आणि शाळा-शाळा खेळायला घेतलं. आजी आतून काहीतरी म्हणाली. बाय मागे न बघता म्हणाली, “आजी, तूं म्यूट.”

आजी हसली, मीही हसले. घरी येताना बसमध्ये मात्र हसू गेलं. शाळेबद्दल या मुलीला जे काही उमगलं होतं ते एवढंच होतं की शाळेत एक जण बोलतं आणि बाकीच्यांना बंद ठेवतात.

इथे एका प्रयोगाबद्दल सांगायला हवं, कारण त्यानं माझी या प्रकरणाकडे बघण्याची नजर घडवली. सारा रोझबेरी, कॅथी हर्श-पासेक आणि रोबर्टा गोलिंकॉफ या अमेरिकी संशोधकांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना क्रिया दाखवणारे नवे शब्द शिकवायचे होते. काही मुलांना माणसानं समोर बसून शिकवलं, काहींना व्हिडिओ कॉलवर, आणि काहींना दुसऱ्याच मुलाशी झालेल्या कॉलचं रेकॉर्डिंग दाखवलं. समोरची मुलं शिकली, कॉलवरचीही शिकली. रेकॉर्डिंग पाहणारी शिकली नाहीत. पडदा पहिल्या गटाला नव्हता, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या दोघांनाही होता. फरक पडला तो मुलानं काही केलं की त्यावर समोरून काही येतं की नाही, यानं. बायचा वर्ग थेट होता, कंपनी तसं छापते आणि ते खोटंही नाही. पण माइक बंद असलेल्या चौदा मुलांसाठी तो वर्ग रेकॉर्डिंगच झाला होता.

त्या दिवशी आणखी दोन गोष्टी टिपल्या. एक: मी म्हटलं, “बाय, पांच बियो हाड.” कोपऱ्यात सुकवलेल्या काजूच्या बियांची पाटी होती. ती ओंजळ भरून घेऊन आली, अकरा-बारा असतील. मोजायला सांगितल्यावर ‘वन टू थ्री’ करत वीसपर्यंत गेली. बोट एकीकडे, आकडा दुसरीकडे. बापाला हे दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला, म्हणून लगेच सांगितलं आणि इथेही सांगते: सव्वातीन वर्षांच्या मुलाला मागितल्या तर नेमक्या पाच वस्तू आणता न येणं हा दोष नाही. बऱ्याच मुलांना ते साडेतीन-चारच्या आसपास उमजतं. दोष एवढाच की अ‍ॅपनं तिच्या नावापुढं ‘१ ते २० पूर्ण’ म्हणून तीन तारे लावले होते आणि घरानं ते खरं मानलं होतं.

दुसरी: आजी भाकऱ्यांचं पीठ मळत होती. मी लिंबाएवढा गोळा बायच्या हातावर ठेवला. तिनं तो पाटावर ठेवला, त्यावर एका बोटानं टिचकी मारली आणि थांबली. काही वाजलं नाही, चमकलं नाही. तिनं पुन्हा टिचकी मारली आणि माझ्याकडे पाहिलं.

दोन तास चाळीस मिनिटं

फोनमध्येच वापराची नोंद असते. ती उघडली तर आदल्या आठवड्यात रोजची सरासरी दोन तास चाळीस मिनिटांची निघाली. वर्ग पंचेचाळीस मिनिटांचा. उरलेला वेळ अ‍ॅपमधले खेळ, ‘बक्षीस’ म्हणून उघडणारे व्हिडिओ आणि त्यातून पाय घसरून यूट्यूब. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा बघण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली, तीही कमी असेल तेवढी बरी म्हणून. सोबत दिवसभरात तीन तास हालचाल आणि दहा ते तेरा तास झोप. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये दोन ते पाच वर्षांसाठी तासाचीच मर्यादा घातली, तीही मोठं माणूस सोबत असताना. आणि कोरोनाच्या काळात, सगळ्याच शाळा फोनवर होत्या तेव्हासुद्धा, केंद्र सरकारच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांत पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला फार तर तीस मिनिटं होती. तीही पालकांशी बोलण्यासाठी, मुलांना शिकवण्यासाठी नव्हे. जुलै २०२० मधलं ते एक वाक्य या कंपन्यांनी आणि पालकांनी दोघांनीही पुढे विसरून टाकलं.

आकडे सांगून मी मोकळी झाले असते तर ती माझी चूक ठरली असती. वर्ग सुटल्यावर बायच्या हाती फोन का राहायचा? कारण त्या वेळात आजी जेवण करायची, दोन भांडी घासायची आणि थोडी आडवी व्हायची. त्या घरात दिवसा जागं असलेलं मोठं माणूस एकच, आणि फोन तिचा मदतनीस होता. तो काढून घ्यायचा तर तिच्या हाती दुसरं काहीतरी द्यायला हवं.

मग मी कंपनीकडून आलेला खोका मागितला. वह्या, रंग, चिकटवायची चित्रं, आणि तळाशी एक छापील पुस्तिका. कोरी करकरीत. मथळा ‘पालकांसाठी’ अशा अर्थाचा, भाषा इंग्रजी. मी सोप्यावर बसून ती पूर्ण वाचली आणि खरं सांगते, मला चांगली वाटली. तिच्यात लिहिलं होतं की रोजच्या वर्गाआधी मुलाला विषयाची एक वस्तू शोधायला लावा. वर्गात शेजारी बसा. मूल काही बोललं की पडद्याची वाट न पाहता तुम्ही उत्तर द्या. वर्गानंतर अर्धा तास तोच विषय घरातल्या वस्तूंनी खेळा. फोन बंद करा. म्हणजे कार्यक्रम बनवणाऱ्यांना सगळं माहीत होतं. त्यांचा खरा विद्यार्थी मुलाशेजारी बसणारं मोठं माणूस होतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढचं मोठं माणूस इंग्रजी वाचणारं, सकाळी साडेदहाला रिकामं आणि बहुधा आई असलेलं होतं.

इथे शेजारी बसली होती ती आजी. तिला वाटत होतं, आपलं काम फोन पडू न देण्याचं. पुस्तिका दाखवली तेव्हा म्हणाली, “म्हाका इंग्लीश येना, हांवें कितें शिकोवप?”

ही बाई निरक्षर नाही. गोवा मुक्त झाल्यावर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यातल्या एकीच्या पहिल्यावहिल्या वर्गांत ती बसलेली. चौथी शिकली. मराठी वर्तमानपत्र चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचते, भजनाच्या वहीत तिचं वळणदार अक्षर आहे. घरात कोकणी, कागदावर मराठी, गोव्यातल्या आमच्या पिढ्यान्पिढ्यांची ही रीत. नातीच्या शाळेनं मात्र तिला एका फटक्यात अडाणी करून टाकलं होतं.

काय केलं

उपाय आईकडून निघाला, माझ्याकडून नव्हे. ती म्हणाली, पुस्तिकेतला दुसऱ्या दिवशीचा भाग मी रात्री वाचते आणि सासूबाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवते. कामाला जाणारी सून आणि घरात राहणारी सासू यांच्यात एरवी निरोप जातात ते गॅस संपल्याचे. आता रोज रात्री दोन मिनिटांचा निरोप जाऊ लागला: ‘आई, उद्या लहान-मोठं आहे. दोन नारळ, एक सुपारी, एक करवंटी जवळ ठेवा. तिला विचारा, सांगू नका.’

शेवटचं वाक्य मी घालायला लावलं होतं.

दुसरं, वेळ. अमेरिकेतल्या युटा राज्यात २००९ पासून सरकारी पैशांतून ‘अपस्टार्ट’ नावाचा घरबसल्या बालवाडीचा कार्यक्रम चालतो. मुलं चार वर्षांची, शाळेआधीचं वर्ष, आणि पडद्यावरची वेळ दिवसाला पंधरा मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस. मुलाचे पहिले शिक्षक पालकच, हे तिथं उघड धरलेलं आहे. त्यावरही टीका झाली. २०१८ मध्ये तिथल्या बालशिक्षणातल्या शंभराहून अधिक जाणत्यांनी ऑनलाइन बालवाड्यांच्या विरोधात निवेदन काढलं. मी त्या टीकेच्या बाजूची आहे. पण फी भरून झाली होती, आणि टीका वाचून आजीचे गुडघे बरे होणार नव्हते. पंधरा मिनिटांचा आकडा मी उचलला. चौदा मुलांचा वर्ग आठवड्यातून दोनदाच, तोही पहिली पंधरा मिनिटं. बाबांनी कंपनीशी भांडून-तंडून शुक्रवारी चार वाजता पंधरा मिनिटं एकटीसाठी वेळ मिळवली. अ‍ॅप काढून टाकलं.

तिसरं, स्वयंपाकघर. बाय आजीच्या कामात. मिरच्यांची देठं मोडायची, कपड्यांतून जोड्या लावायच्या, नारळ सोलल्यावर सोडणं, म्हणजे वरची सालं, एका बाजूला रचायची. ही काही माझी अक्कल नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, आणि पुढं कोसबाडला गुरांमागच्या मुलांसाठी कुरणातही. साधनं म्हणजे बिया, पानं, शंखशिंपले, माती. अंगणवाडी हा शब्द सरकारी योजनेत १९७५ साली आला, पण कल्पना ताराबाई आणि अनुताई वाघ यांची, त्याच्या कितीतरी आधीची. ‘शाळा घरी येते’ असं आज जाहिरातीत वाचलं की मला बोर्डीच आठवते. फरक एवढाच की तिथं शाळेबरोबर एक बाईही चालत यायची.

काजूच्या बिया पहिल्याच आठवड्यात बाद केल्या. साल चावली तर तोंड भाजतं, आणि या वयात सगळं तोंडाकडे जातं. त्याऐवजी सालासकट सुकलेल्या सुपाऱ्या घेतल्या. कोंबडीच्या लहान अंड्याएवढ्या, मुठीत एकच मावते, गिळली जायची भीती नाही.

जुलै, ऑगस्ट

सगळं सरळ झालं नाही. पहिल्या दहा दिवसांत बायनं फोनसाठी आकांत केला, दोनदा डोकं जमिनीवर आपटलं. आजीनं चौथ्या दिवशी फोन दिला आणि मला सांगितलंही नाही, नोंदीत दिसलं. जुलैच्या मध्याला आजी तापानं पडली तेव्हा आठवडाभर पुन्हा अडीच तास. मी काही बोलले नाही. तापानं फणफणलेल्या माणसाला बालशिक्षण सांगायचं नसतं.

पण त्याच महिन्यात पावसानं मदत केली. झाड पडून तारा तुटल्या, वीज तीन दिवस नाही, टॉवर बंद. चौथ्या दिवशी मी गेले तर सोप्यावर सुपाऱ्यांची रांग, एका टोकाला आजी, दुसऱ्या टोकाला बाय. आजी एक सुपारी पुढं ढकलते, बाय एक ढकलते. नियम काय होता मला कळला नाही, त्या दोघींना नक्की ठाऊक होता. आजीच्या तोंडून मी आपडी-थापडी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. विचारलं, हे आधी का नाही केलंत? म्हणाली, “तें शिकप अशें कोण म्हणटा?”

खरी अडचण आजीच्या घाईची होती. ‘हें कितें?’ विचारायची आणि बाय तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून टाकायची, ‘नाल्ल गो, नाल्ल,’ म्हणजे नारळ. अ‍ॅपही तेच करतं. तीन-चार सेकंदांत उत्तर आलं नाही की स्वतःच चमचमत उत्तर दाखवतं. आजीला मी सांगितलं, विचारल्यावर मनातल्या मनात विठ्ठलाचं नाव दहा वेळा घ्या, मग बोला. ते जमलं. पहिल्यांदा नवव्या विठ्ठलाला बाय बोलली, असं आजीनं मला फार गंभीरपणे सांगितलं.

शुक्रवारच्या वेळेचीही गोष्ट नोंदवते, कारण त्या शिक्षिकेवर अन्याय नको. जुलैअखेरीस एका शुक्रवारी मी हजर होते. पाऊस पत्र्यावर धो धो कोसळत होता. शिक्षिकेनं तिचा ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि हिंदीत विचारलं, हा आवाज कशाचा? बाय गप्प. शिक्षिकाही गप्प राहिली, कानाला हात लावून. मग बाय म्हणाली, “पावस. पत्र्यार.” शिक्षिकेला कोकणी कळलं नसावं, पण ‘पावस’ तिनं उचललं, पुन्हा म्हटलं आणि बोटांनी पाऊस पाडून दाखवला. बाय दुरुस्त करायला लागली: असा नाही, मोठा. पुढची बारा मिनिटं त्या दोघी पावसाबद्दल तीन भाषांत बोलत होत्या. तीच शिक्षिका, तोच फोन, तोच तांब्याचा टेकू. फक्त बाकीच्या तेरा खिडक्या नव्हत्या.

माटोळीखाली

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, सप्टेंबरच्या सात तारखेला होती. गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं टांगलेली लाकडी चौकट बांधतात, ती माटोळी. बाबा आणि काका रानातून माटोळीचं सामान घेऊन आले: कांगलां, कवंडळं, घागऱ्या, आंबाडे, तोरिंगं, सुपारीचे घड, चिबूड, नारळाची पेंड. ते सोप्यावर पसरलं तेव्हा मला वाटलं, बालवाडीसाठी इतकं भरगच्च साहित्य कुठल्याच कंपनीच्या खोक्यात येणार नाही. रंग, आकार, वजन, वास, खरखरीत-गुळगुळीत, आणि प्रत्येकाला नाव. बाय काकाला एकेक उचलून देत होती. काकानं मागितलं, “चार आंबाडे.” तिनं चार दिले. तिसऱ्याला थांबली, एकदा मागे बघितलं, मग चौथा. आजी आतून नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, पिठाचे हात घेऊनच दारात आली आणि काही बोलली नाही. मला वाटतं ती विठ्ठल मोजत होती.

दुसऱ्या दिवशी चुलत-आते भावंडं आली, पाच मुलं. आणि तिथं सगळं बिनसलं. बायनं दीड दिवसात दोघांना चावलं, एकाच्या हातातली बाहुली ओढून तोडली, आपली पाळी येईपर्यंत थांबणं तिला ठाऊकच नव्हतं. खेळातून बाहेर काढलं की माटोळीखाली जाऊन बसायची. आईला रडू कोसळलं. माझ्या वहीत त्या तारखेला एकच ओळ आहे: ‘हे आजी शिकवू शकत नाही.’

मी जूनमध्ये हे लिहायला हवं होतं. आजी नातीपुढं नेहमीच हरते, सुपारी नेहमीच तिला देते. फोन तर भांडतच नाही. आपल्याच वयाचं, आपल्याइतकंच हट्टी दुसरं मूल समोर आल्याशिवाय ही गोष्ट शिकता येत नाही, आणि मी तीन महिने शब्द आणि आकडे मोजत बसले होते. घराची अडचण खरी होती, पण अंगणवाडीचा रस्ता मी फार लवकर सोडून दिला.

चवथीनंतर बसून नव्यानं हिशेब केला. बाबा सकाळी साडेआठला ड्यूटीवरून येतात. झोपायच्या आधी स्कूटरवरून अंगणवाडीत सोडू शकतात. आणताना शेजारची मुलगी, जिचा धाकटा तिथंच आहे. आठवड्यातून तीन दिवस ठरले, पुढं ते पाच झाले. पहिले नऊ दिवस बाय रडली. अंगणवाडीची बाई जुन्या वळणाची. तिनं रडणाऱ्या मुलीला खिचडीची पातेली पुसायला बसवलं आणि बाकीच्यांकडे वळली. दहाव्या दिवशी तिथल्या एका मुलानं बायला चावलं. घरी येऊन बायनं ते सांगितलं: कोण, कुठं, का, मग बाई काय म्हणाली. सलग चार वाक्यं. आईनं ती मला तशीच पाठवली, खुशीत.

डॉक्टरांनी नोव्हेंबरमध्ये पुन्हा पाहिलं आणि आता काळजी नाही म्हणाले. हे कशामुळं झालं ते मी छातीठोक सांगणार नाही. फोन कमी झाला, आजी बोलू लागली, अंगणवाडी सुरू झाली, आणि मूल पाच महिन्यांनी मोठंही झालं.

बापाचं समाधान मात्र पुरतं झालेलं नाही. बायची एबीसीडी आता अडखळते, इंग्रजी रंगांची निम्मी नावं गेली. म्हापशातली तिची आतेबहीण त्याच वयाची, फडाफडा इंग्रजी कविता म्हणते. “अठरा हजार पाण्यात,” तो एकदा म्हणाला. मी त्याला सांगितलं की भाषा जाणार नाही, येईल, आधी बोलायची सवय तर येऊ दे. त्यानं ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी पुन्हा पैसे भरायचे की नाही, हे फेब्रुवारीपर्यंत ठरलं नव्हतं.

शेवटची गेले ती फेब्रुवारीतल्या शुक्रवारी. चारला फोन लागला, तांब्याला टेकवून. काजूचा मोसम नुकता सुरू झाला होता. बायनं एक पिवळा बोंडू, म्हणजे काजूचं फळ, उचलून कॅमेऱ्यापुढं धरला, या वेळी बेताच्या अंतरावर, आणि शिक्षिकेला विचारलं, “तुगेर आसा?” तुझ्या घरी आहे का?

नेमकं तेव्हाच नेटवर्क गेलं. शिक्षिका तोंड अर्धं उघडं ठेवून गोठली. बायनं आजीकडे पाहिलं.

“राव मगो,” आजी म्हणाली, “उलयतली ती.” थांब, बोलेल ती.

बाय बोंडू धरून बसून राहिली.